फासे आणि विजेच्या तारा कशा शोधायच्या

ताडोबाच्या बफरमध्ये, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, नव्याने रुजू झालेल्या वनरक्षकांसाठी आणि वनखात्याला मदत करणाऱ्या गावांतल्या प्राथमिक कृती दलाच्या पोरांसाठी हे लिहितो आहे. पहिली गोष्ट, गस्त पायीच करायची. शिकारी सफारीच्या जिप्सीच्या रस्त्यावर फासा लावत नाही.

जनावरांची रोजची वाट धरा: नाल्याचा उतार, पाणवठ्याकडे जाणारी पायवाट, धानाच्या बांधीला लागून असलेली जंगलाची कड. सकाळचं ऊन तिरपं असताना सूर्य समोर ठेवून चाला, म्हणजे तार चमकते. फाशाला दुचाकीच्या क्लचची तार सर्रास वापरतात. वाटेत तोडलेल्या फांद्यांचं कुंपण आणि मधेच एवढीशी फट दिसली, की थांबा. फास त्या फटीतच असतो. लावलेला असतो चितळ-डुकरासाठी, पण त्यात वाघाची मान किंवा बिबट्याची कंबर अडकली, तर ओढेल तसा आवळतच जातो.

लोखंडी सापळा पाचोळ्याखाली पुरतात आणि साखळीने खुंट्याला बांधतात. ताजी उकरलेली माती किंवा सारखा पसरलेला पाचोळा दिसला, तर काठीने चाचपा. मेटल डिटेक्टर असेल तर फारच उत्तम. 2012 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात गोविंदपूरजवळ दोन वाघ अशा सापळ्यांत अडकले आणि त्यातला एक मेला.

मला सर्वांत जास्त धास्ती विजेच्या तारेची वाटते. 11 केव्हीच्या (11 हजार व्होल्टच्या) लाइनवर आकडा टाकून उघडी तार बुटक्या खुंट्यांवरून शेताच्या कडेने किंवा जंगलात नेतात. तिला वाघ मरतो, तसा गस्तीवरचा माणूसही मरतो. म्हणून रात्री लाइनखालून चालताना टॉर्च आधी जमिनीलगत फिरवा. तार दिसली तर हात लावू नका, काठीनेही नाही. मागे सरा, वीज उपकेंद्राला फोन करून वीज बंद करून घ्या. उपकेंद्रातल्या ऑपरेटरचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हवाच. रात्री फीडर (उपकेंद्रातून निघणारी लाइन) अचानक ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला, तर तारेला कुणी चिकटलेलं असू शकतं; तेव्हा त्याने आपल्याला कळवायचं, एवढं त्याच्याशी आधीच बोलून ठेवा.

उन्हाळ्यात पाणवठ्याच्या काठावर मेलेली पाखरं, बेडूक, मधमाश्या दिसल्या, तर पाण्यात विष असू शकतं. पाण्याला हात लावू नका. नमुना पशुवैद्यकीय अधिकारी घेतील. तोवर तिथे कुणीतरी थांबून जनावरांना पाण्यापासून दूर ठेवा.

फास सापडला की लगेच उपटून टाकू नका. फोटो काढा, जीपीएस नोंदवा, वनक्षेत्रपालांना कळवा. बाजूला पडलेलं बिडीचं थोटूक, पावलांचे ठसे, कापलेल्या तारेचा तुकडा, सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखालचा खटला त्याच कागदांवर उभा राहतो. गावकऱ्यांनी काही पाहिलं तर वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करावा.

आणि रानडुकरांनी धान उद्ध्वस्त केलं, तर त्या शेतकऱ्याच्या नुकसानभरपाईचा पंचनामा अडवून ठेवू नका. बऱ्याच तारा अशाच हताश शेतांत लागतात. वेळेवर कागद झालेला शेतकरी शेजारच्या शेतात तार ओढलेली दिसली, की आधी आपल्याला फोन करतो.