सरासरी काढण्याआधी: गणित बेरजेचं की वर्गाचं की गुणाकाराचं?

उपयोजित गणितात सूत्र पाठ असूनही उत्तर चुकतं, ते बहुधा सरासरीची निवड चुकल्यामुळे.

तीन झाडांचे छातीच्या उंचीवरचे व्यास १०, २० आणि ३० सेंमी. साधी सरासरी २०. तिच्यावरून तिन्हींचं मिळून छेदक्षेत्र (खोड आडवं कापलं तर दिसणाऱ्या वर्तुळाचं क्षेत्रफळ) काढलं तर सुमारे ९४२ चौ. सेंमी येतं, प्रत्यक्षात ते १,१०० आहे. म्हणजे १४ टक्क्यांची तूट! क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर चालतं, त्यामुळे ३० सेंमीचं झाड १० सेंमीच्या नऊपट भरतं. म्हणून आधी वर्ग करा (१०० + ४०० + ९०० = १,४००), तीनने भागा, मग वर्गमूळ घ्या: २१.६ सेंमी. टेपने घेर मोजला असेल, तर प्रत्येक घेराला आधी ३.१४१६ ने भागा. घाईत हीच पायरी सुटते.

गुंतवणूक एका वर्षी ५० टक्के वाढली, पुढच्या वर्षी ५० टक्के घटली, तर साधी सरासरी शून्य. पण १०० चे १५० होऊन शेवटी ७५ च उरले. इथे गुणक, म्हणजे रक्कम किती पट झाली ते, घ्यायचे: १.५ × ०.५ = ०.७५, वर्गमूळ ०.८६६, म्हणजे दरसाल १३.४ टक्के घट.

ताळा सोपा आहे: प्रत्येक आकड्याच्या जागी तुमची सरासरी ठेवा; छेदक्षेत्र किंवा शेवटची रक्कम जशीच्या तशी परत यायला हवी.