सिलिकॉनचा डबा उघडण्याआधी

झवेरी बाजारातल्या माळ्यावरच्या कारखान्यात एकाच टेबलावर रबराची डाय, म्हणजे दागिन्याचा साचा, कापतात, मेण भरतात आणि शेजारीच गॅसची टॉर्च पेटलेली असते. तिथे सिलिकॉनचा साचा करायचा असेल तर आधी टेबलाचा एक कोपरा मोकळा करा, त्यावर कोरा प्लास्टिकचा कागद अंथरा आणि तो कोपरा दुसऱ्या कुठल्याही कामाला देऊ नका.

एवढी शिवाशिव पाळायची ती गंधकामुळे. प्लॅटिनमच्या कॅटलिस्टवर, म्हणजे जमवणाऱ्या द्रव्यावर, जमणारं सिलिकॉन गंधकाशी आलं की जमत नाही, दुसऱ्या दिवशीही चिकटच राहतं. आणि व्हल्कनायझरमध्ये, म्हणजे रबर दाबून तापवायच्या यंत्रात, शिजणाऱ्या नैसर्गिक रबरात गंधक असतंच. म्हणून रबराची सुरी, रबराची फ्रेम, रबर हाताळलेले हात, यातलं काहीही इथे चालणार नाही. लेटेक्सचे हातमोजे, चांदी काळी करायचं सल्फाइड, गंधकवाली माती, कथिलाच्या कॅटलिस्टवर जमलेलं जुनं सिलिकॉन यांचाही तोच त्रास. हातमोजे नायट्राइलचेच घ्या. मास्टर म्हणजे ज्याचा साचा घ्यायचा तो मूळ नमुना. थ्रीडी प्रिंटरवर काढलेला रेझिनचा मास्टर नीट धुऊन यूव्हीखाली पूर्ण पक्का केलेला असला, तरी त्याच रेझिनच्या फालतू तुकड्यावर थेंबभर मिश्रण जमवून बघा. या चाचणीला माझ्याकडून सूट नाही. गिऱ्हाइकाचा मास्टर बहुधा एकच असतो.

दोन भाग मिसळायचं डब्यावरचं प्रमाण वाचा. प्लॅटिनमवाल्यात ते बहुतेक 1:1 किंवा 10:1 असतं, कथिलवाल्यात कॅटलिस्ट काही टक्केच. वजनाने की मापाने, हेही पाहा. काटा 0.1 ग्रॅम दाखवणारा हवा, पण सोनं तोलायचा काटा यासाठी काढू नका. लवकर जमावं म्हणून कथिलाचं कॅटलिस्ट वाढवलं तर साचा जास्त आटतो आणि लवकर फाटतो.

पॉट लाइफ, म्हणजे मिसळल्यावर मिश्रण ओतण्याजोगं राहतं तो वेळ, लेबलावर साधारण 23 ते 25 अंशांसाठी लिहिलेली असते. मे महिन्यात भट्टीशेजारी पारा 35 वर असला, तर 40 मिनिटांची जेमतेम 20 उरतात. त्यामुळे मास्टर पुसून फ्रेममध्ये बसवलेला, मिश्रणातले बुडबुडे काढायचा व्हॅक्यूम पंप चालवून पाहिलेला, आणि मगच झाकण उघडायचं. कप मिश्रणाच्या चौपट मोठा घ्या, व्हॅक्यूममध्ये ते फुगून वर येतं. पावसाळ्यात कथिलाच्या कॅटलिस्टची बाटली ओतल्याबरोबर बंद करा, हवेतला ओलावा तिला खराब करतो.

खिडकी उघडी, डोळ्यांवर गॉगल, जवळ पाण्याची सोय. स्पिरिटने पुसताना टॉर्च बंद. प्लॅटिनमवाल्याचा हायड्राइड असलेला भाग तेजाब किंवा कॉस्टिकजवळ ठेवू नका, त्यांच्या संपर्कात हायड्रोजन सुटतो. कथिलाच्या बऱ्याच कॅटलिस्टमध्ये डायब्युटिल टिन असतं, ते गर्भाला घातक मानलं जातं. गरोदर बाईला हे काम देऊ नका.

उरलेलं मिश्रण मोरीत ओतू नका, कपातच जमू द्या. साचा उघडण्याआधी ते बोटाने दाबून पाहा. कपातलंच मऊ असेल तर चूक वजनात किंवा ढवळण्यात आहे. कपातलं घट्ट आणि मास्टरला टेकलेला थर मात्र चिकट, असं निघालं तर मास्टरला काय लागलं होतं ते शोधा.