वहीचं उजवं पान

अठरा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढली, आता आरोग्यशास्त्राचा सुरुवातीचा वर्ग घेते. पहिल्या दिवशी वही उघडायला लावते. डाव्या पानावर मी शिकवलेलं लिहायचं, उजव्या पानावर ते करताना तुम्हाला काय झालं ते. डावं पान परीक्षेसाठी. उजवं मी बघतही नाही, पण डॉक्टर व्हायचं, नर्स, फिजिओथेरपिस्ट की यातलं काहीच नको, याचा अंदाज तिथेच येतो.

सुरुवात नाडीपासून करा. समोरच्याच्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवा. स्वतःचा अंगठा वापरू नका. त्यातही ठोका लागतो आणि तुम्ही स्वतःचीच नाडी मोजून मोकळे होता. ३० सेकंद मोजून दुप्पट करा, ठोके अनियमित वाटले तर पूर्ण मिनिट मोजा. निवांत बसलेल्या प्रौढ माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. मोजून झाल्यावर बोटं तशीच ठेवा आणि काही न बोलता छातीकडे बघून श्वास मोजा. मिनिटाला १२ ते २० भरतील. सांगून मोजलंत की माणूस लगेच सांभाळून श्वास घ्यायला लागतो.

लहानमोठ्या दहा जणांवर हा सराव करा. मग उजव्या पानावर लिहा: अनोळखी हात हातात घेताना अवघडायला झालं का? ‘हात धरू का?’ असं आधी विचारलंत का?

बीपीला मात्र घाई चालत नाही. माणसाला पाच मिनिटं शांत बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, दंड हृदयाच्या पातळीला, आणि गप्पा बंद. कफ, म्हणजे हवा भरायचा पट्टा, कपड्यावरून नाही, उघड्या दंडावर बांधा. दंडाच्या मानाने कफ लहान असेल तर आकडा खोटाच वर जातो. स्टेथोस्कोपची कानातली टोकं पुढे, नाकाच्या दिशेने हवीत. दर वर्षी निम्मा वर्ग उलटी घालतो आणि यंत्र बिघडलंय म्हणतो. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज नाहीसा होतो तो खालचा. कोरोत्कोव्ह या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये हे आवाज सांगितले, स्टेथोस्कोपने बीपी घेताना आजही त्यांच्यावरच काम चालतं.

मी शिकत होते तेव्हा एका आजोबांचं बीपी घेताना मला काहीच ऐकू आलं नाही. लाज वाटली, म्हणून १२०/८० लिहून टाकलं. सिस्टरनी परत घेतलं तर १७०/१०० निघालं. त्या ओरडल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. म्हणून माझ्या वर्गात ‘ऐकू आलं नाही’ या उत्तराला पूर्ण मार्क आहेत. मनाने आकडा लिहिला तर शून्य.

लांबलचक शब्दांची घोकंपट्टी नको, ते फोडायला शिका. ‘हेपॅट’ म्हणजे यकृत, ‘नेफ्र’ म्हणजे मूत्रपिंड, ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणं. अशा वीसेक तुकड्यांवर शेकडो शब्द उलगडतात. ‘हायपर’ म्हणजे जास्त आणि ‘हायपो’ म्हणजे कमी, हे दोन तेवढे जपून. फोनवर दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून मी अजूनही सरळ ‘साखर कमी झालीय’ असंच सांगते.

सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहणं, याचा सराव पुतळ्यावर असतो. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली किमान ५ सेंटिमीटर, पण ६ च्या वर नाही. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून तेवढ्यात माणूस बदलायचा असतो. जागा देणं आणि घेणं, दोन्ही शिकून घ्या.

रक्त बघून चक्कर आली तर ‘हे आपलं काम नव्हे’ असं लगेच ठरवू नका. त्या क्षणी नाडी मंदावते, बीपी उतरतो, शरीराची ती एक प्रतिक्रिया असते. आडवे व्हा, पाय उंच ठेवा. हळूहळू सवयीने बऱ्याच जणांचं हे कमी होतं.

प्रत्यक्ष काम बघायची संधी मिळाली तर फोन बंद ठेवा आणि पेशंटचं नाव बाहेर कुणापाशीही काढू नका, घरीसुद्धा नाही. तिथे काम करणाऱ्यांना ‘तुम्हाला काय आवडतं?’ हे विचारून फारसं हाती लागत नाही, सगळे चांगलंच सांगतात. ‘शिफ्टच्या सहाव्या तासाला काय करत असता?’ असं विचारा.

वर्ग संपल्यावर फक्त उजवी पानं सलग वाचा. एका मुलीने तिची मला दाखवली होती. पेशंटशी बोलण्याच्या दिवशी एकच ओळ: ‘कधी संपतंय असं झालं.’ सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब पाहिला त्या दिवशी मात्र तीन पानं भरलेली, समासातसुद्धा पेशींची चित्रं. ती डॉक्टर व्हायचं म्हणून आली होती. आज पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे.