डिस्क्रीट मॅथ्स अवघड जातंय? मग या चुका टाळा

कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला आल्यावर बरीच मुलं डिस्क्रीट मॅथ्सला एम-थ्रीच्याच (इंजिनिअरिंग मॅथ्सचा तिसरा पेपर) रांगेत बसवतात, म्हणजे फॉर्म्युले पाठ करायचे, मागचे पेपर सोडवायचे आणि झालं. पण इथं फॉर्म्युले मोजकेच आहेत, मार्क जातात ते "हे का खरं आहे" हे लिहिता येत नाही म्हणून.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सोल्युशन वाचून "हां, समजलं" म्हणत पुढं जाणं. प्रूफ वाचताना प्रत्येक ओळ पटत जाते, पण कोऱ्या कागदावर पहिली ओळ काय लिहायची ते सुचत नाही. म्हणून वाचून झालं की वही बंद करा, स्वतः लिहा, अडकलात तर नेमकं कुठल्या ओळीला अडकलात तेवढंच उघडून बघा.

इंडक्शनमध्ये (पहिल्या किमतीला विधान खरं दाखवायचं, मग के ला खरं धरून के+१ ला सिद्ध करायचं) तर हे फारच दिसतं. दोन-चार किमती घालून बघितल्या, बरोबर आल्या, सिद्ध झालं! ऑयलरचं एक प्रसिद्ध सूत्र घ्या, एन वर्ग अधिक एन अधिक ४१. एन ० पासून ३९ पर्यंत काहीही घाला, उत्तर प्राईमच येतं, आणि ४० घातले की १६८१ येतं, म्हणजे ४१ चा वर्ग. चाळीस उदाहरणं बरोबर येऊनही विधान खोटं. दुसरी गडबड म्हणजे के+१ साठी जे सिद्ध करायचंय तेच खरं धरून दोन्ही बाजू सोडवत बसायच्या आणि शेवटी ०=० आलं की खूश व्हायचं. तसं नाही, एका बाजूपासून सुरू करा, आणि जिथं के चं गृहीतक वापरलंत तिथं बाजूला "गृहीतकावरून" असं लिहा, ते कुठंच लिहावं लागलं नाही तर प्रूफ परत तपासा, बहुतेक गडबड आहे. फिबोनाचीसारखं मागच्या दोन पदांवर अवलंबून असेल तर बेस केससुद्धा (सुरुवातीला थेट तपासायच्या किमती) बहुतेक वेळा दोन लागतात, तिथं हमखास मार्क कापले जातात.

लॉजिकमध्ये निगेशन नीट करा. "सगळ्यांनी सबमिशन दिलं" याच्या उलट "कुणीच दिलं नाही" असं नसतं, "निदान एकानं दिलं नाही" असं असतं. व्हाईल लूपची कंडिशन उलटी करताना अँडचं ऑर करायला विसरणं हीसुद्धा हीच चूक, तिथं डी मॉर्गनचा नियम (उलटं करताना अँडचं ऑर आणि ऑरचं अँड होतं) लागतो.

काउंटिंगला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, खरं तर उत्तर तपासून बघायची सोय सगळ्यात जास्त इथंच आहे. ८ बिटच्या किती स्ट्रिंग १ ने सुरू होतात किंवा ०० ने संपतात? १२८ + ६४ = १९२ लिहून मोकळे होतात, पण दोन्ही अटी पाळणाऱ्या ३२ दोनदा मोजल्या गेल्या, उत्तर १६०. शंका आली तर ३ बिटवर हातानं लिहून काढा (४ + २ - १ = ५, पाचच निघतात), नाहीतर पायथनमध्ये २५६ स्ट्रिंगवर लूप फिरवा, कॉम्प्युटरची मुलं असून हे कुणी करत नाही याचं खरंच वाईट वाटतं. आणि क्रमाचं भान ठेवा: १० जणांतून ३ जणांची कमिटी १२० प्रकारे, पण अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार निवडायचे तर ७२०.

रिलेशनमध्ये सिमेट्रिक (अ चं ब शी नातं असेल तर ब चंही अ शी असतं) आणि अँटिसिमेट्रिक (दोन्हीकडून नातं असेल तर अ आणि ब एकच) एकमेकांच्या उलट नाहीत, "समान आहे" (=) हे रिलेशन दोन्ही आहे. उणे ७ मॉड ३ (३ ने भागून उरणारी बाकी) पेपरात २ लिहा, पायथनही २ देईल, सी मात्र उणे १ देतं, त्यामुळं सी च्या आउटपुटवर विसंबून उत्तर लिहू नका.

ग्राफमध्ये (व्हर्टेक्स म्हणजे बिंदू, एज म्हणजे त्यांना जोडणाऱ्या रेषा) ऑयलर म्हणजे प्रत्येक एज एकदाच, हॅमिल्टन म्हणजे प्रत्येक व्हर्टेक्स एकदाच. ऑयलर सर्किटसाठी (जिथून निघालो तिथंच परत येणारा मार्ग) ग्राफ कनेक्टेड आहे आणि सगळ्या डिग्री (व्हर्टेक्सला लागलेल्या एजची संख्या) सम आहेत एवढं बघितलं की झालं, हॅमिल्टनसाठी अशी सोपी कसोटी माहीत नाही. डिरॅकच्या थिअरमची अट (साध्या ग्राफमध्ये किमान ३ व्हर्टेक्स, प्रत्येक डिग्री निदान एन भागिले २, एन म्हणजे व्हर्टेक्सची संख्या) पूर्ण झाली तर सर्किट आहेच, पण अट पूर्ण होत नाही म्हणून "सर्किट नाही" असं लिहिणारे दरवर्षी भेटतात. पंचकोन काढा, प्रत्येक डिग्री २, हवी होती अडीच, तरी कडेकडेनं फिरलं की सर्किट तयार. ही लॉजिकचीच चूक, "पी असेल तर क्यू" वरून "पी नसेल तर क्यू नाही" असं काढलेलं. सर्किट नाही म्हणायचं असेल तर वेगळं कारण द्या, उदाहरणार्थ एखादा व्हर्टेक्स काढून टाकला की ग्राफ तुटतो हे दाखवा.