किटमधलं लाकूड आधी हातात घेऊन बघा

किटमधून मी बांधलेल्या पहिल्या लाकडी जहाजाच्या प्रतिकृतीच्या उजव्या कुशीवर बोटभर लांबीचा फिकट डाग आहे. तिथली पट्टी मी घाईत सुपरग्लूने बसवली होती. ग्लू फटीतून वर आला, तो फडक्याने पुसला आणि विसरून गेले. पुढे लाकडाला रंग द्यायला घेतला तर सगळीकडे मुरला, तेवढी जागा मात्र कोरी. ग्लूने लाकडाची छिद्रंच बुजली होती. पॉलिशपेपरने घासायला गेले, तर अर्ध्या मिलिमीटरच्या पट्टीखालून आतला थर डोकावू लागला. मग हात आवरला.

आता पट्ट्यांना सुतारकामाचा पांढरा पीव्हीए गोंद. तोही वाळू दिला तर डाग पाडतोच, पण ओला असताना ओल्या फडक्याने निघतो, आणि पट्टी सरकवायला उसंत मिळते. सुपरग्लू फक्त धातूच्या भागांना आणि दोऱ्याच्या गाठींना.

लाकडाकडे वळू. बऱ्याच किटमध्ये प्लायवूडचा सांगाडा असतो आणि त्यावर पट्ट्यांचे दोन थर. आतला थर साधारण दीड मिलिमीटर जाड, लिंडन किंवा बासवूडचा. तो झाकला जातो, त्यामुळे रंगरूप बघू नका, वाकवून बघा. भिजवलेली पट्टी नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, वळणावर न तडकता बसली पाहिजे. नाळेजवळ सांगाड्याच्या फळ्यांमध्ये बाल्साचे (हलक्या, मऊ लाकडाचे) ठोकळे भरले तर पट्टीला टेकायला जागा मिळते. सूचनापत्रात नसलं तरी भराच.

वरचा थर बहुधा अक्रोडाचा. दिसतो देखणा, पण त्याची छिद्रं मोठी आणि कडा चटकन ढलप्या सोडतात. १:६४ प्रमाणात अर्ध्या मिलिमीटरचं छिद्र म्हणजे खऱ्या जहाजावर ३२ मिलिमीटरचं भोक! म्हणून दुसऱ्या जहाजाला मी वरच्या थरापुरत्या नाशपातीच्या पट्ट्या वेगळ्या आणल्या. पोत बारीक, कडा स्वच्छ. खर्च वाढला, पण आतला थर किटचाच ठेवला. पहिल्याच जहाजाला मात्र हा खर्च करू नका, अक्रोडावर हात बसू दे.

सांगाड्याचा कणा काचेवर आडवा ठेवून बघा. पीळ असेल तर आत्ताच विक्रेत्याकडून बदलून घ्या. पट्ट्या चढल्यावर तो निघत नाही.

डोलकाठ्यांना बांधायचा दोरा तपासायचा राहतो, कारण तो लागतो शेवटी. उजेडासमोर धरा. सुती दोऱ्याला लव असते, ती डोलकाठीवर धूळ धरते. मेण लावून बसते थोडीफार, पण मी सरळ पॉलिस्टरचा घेते.