मुरूम, काळी माती आणि काटे: पुण्याच्या टेकड्यांवर माउंटन बाइक

पुण्याच्या टेकड्यांवर नवा सायकलस्वार मोठ्या दगडाला जितका घाबरतो तितकं मुरमाला घाबरायला हवं. खाली बसाल्टचा कडक खडक आणि वर त्याच खडकाचा झिजून झालेला सुटा खडा. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडावा तशी टायरची गत होते. इथे महागडी सायकल फारशी वाचवत नाही. टायरमधली हवा आणि ब्रेकवरची बोटं वाचवतात. सायकलचं म्हणाल तर पुढे 100 ते 120 मिमी दबून धक्के झेलणारा सस्पेन्शन फोर्क, मागे काही नाही, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि 2.1 ते 2.3 इंचांचे टायर, एवढ्यावर वेताळ टेकडीपासून सासवडच्या पठारापर्यंत सगळं होतं. मागच्या सस्पेन्शनचा खर्च पहिल्या वर्षी करू नये. ते पैसे चांगल्या टायरवर लावावेत.

हवेपासून सुरुवात करू. पंक्चरवाल्याकडे नुसतं ‘हवा भर’ म्हटलं की तो रस्त्याच्या हिशेबाने दाबून भरतो. 50 पीएसआयचा (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) टायर मुरमावर नुसता उडतो, पकडत नाही. साधारण 70 किलोच्या माणसाने ट्यूब असेल तर पुढे 28 आणि मागे 31 पीएसआय ठेवावं. ट्यूबलेस असेल तर पुढे 22 आणि मागे 25 पासून सुरुवात करावी. वजन दर 10 किलोने बदललं की अंदाजे 2 पीएसआय वर किंवा खाली. मागे नेहमी थोडी जास्त, कारण बसल्यावर वजन मागच्या चाकावर येतं. ट्यूब असताना हवा फार कमी केली तर दगडाच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो आणि ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. अशी जोडभोकं दिसली की काट्याला दोष देऊ नका, 3 पीएसआय वाढवा. दाब मोजायला स्वतःचा गेज ठेवा. अंगठ्याने दाबून 22 आणि 30 मधला फरक कळत नाही.

काटे हा स्वतंत्र विषय आहे. बाभूळ, हिवर, बोर आणि वेडी बाभूळ आपल्या टेकड्यांवर सगळीकडे आहेत, आणि छाटलेल्या फांद्या नेमक्या वाटेवर येऊन पडतात. म्हणून इथे ट्यूबलेस ही चैन नाही, गरज आहे. 29 इंची चाकाला 2.2 इंचांचा टायर असेल तर 100 ते 120 मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, लागतं. उन्हाळ्यात ते लवकर सुकतं, त्यामुळे मार्च ते मे या काळात दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा कोअर (आतला सुटा भाग) काढून 60 मिली भर घालावी. टायर हलवून आत पातळ द्रवाचा आवाज येत नसेल तर सीलंट संपलंय असं समजा. काटा दिसला की लगेच उपटायचा मोह होतो. ट्यूबलेसमध्ये तो घरी येईपर्यंत तसाच राहू द्या, तोच बुचाचं काम करत असतो. ट्यूब असेल तर उलट: नवी ट्यूब घालण्याआधी टायर आतून फडक्याने सगळीकडे पुसून बघा. कापड जिथे अडकेल तिथे काट्याचं टोक आहे. हे न करता ट्यूब बदलली की दहा मिनिटांत दुसरी ट्यूब जाते, आणि दोष ट्यूबच्या कंपनीला मिळतो. गॅसच्या छोट्या नळकांडीने हवा भरण्याआधी सीलंटच्या बाटलीवरची सूचना वाचा, काही लेटेक्स सीलंट त्या गॅसने गोठतात. हातपंप बरा.

पुढच्या फोर्कमध्ये हवा असेल तर ‘सॅग’, म्हणजे नुसत्या तुमच्या वजनाने फोर्क किती दबतो, ते बघून घ्या. फोर्कच्या आत सरकणाऱ्या नळीवर (स्टँचन) रबरी रिंग असते, ती खाली सरकवा, पाठीवरच्या पिशवीसकट सायकलवर अलगद बसा, अलगद उतरा. 120 मिमीच्या फोर्कवर रिंग 25 ते 30 मिमी वर सरकलेली दिसली पाहिजे. कमी सरकली तर फोर्क दगडाचा झटका थेट मनगटाला देतो. जास्त सरकली तर उतारावर नाक खाली बुडतं.

आता चालवणं. चढावर उभं राहिलात की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि चाक जागच्या जागी फिरतं. सीटच्या पुढच्या टोकावर सरका, कोपर खाली, छाती हँडलच्या जवळ, आणि गिअर चढ सुरू व्हायच्या आधी हलका करा. ताण असताना गिअर टाकला की साखळी कडकड करते, कधी तुटते. मिनिटाला 70 च्या आसपास पेडल फिरत राहिलं पाहिजे.

उतारावर सीट चार ते पाच सेंटिमीटर खाली घ्या. पेडल आडवे, टाचा किंचित खाली, गुडघे-कोपर मोकळे, नजर दहा-पंधरा फूट पुढे. प्रत्येक ब्रेकवर एकच बोट. ‘पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटा होतो’ ही भीती रस्त्यावरच्या सायकलवाल्यांनी पेरली आहे आणि ती अर्धवट खरी आहे. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो. मागचा एकटा दाबून धरला की चाक घसरतं, वाटेला चर पडतो आणि सायकल थांबत नाही. नियम एवढाच: चाक सरळ असताना दोन्ही ब्रेक हळूहळू, आणि हँडल वळवलं की पुढचा सोडून द्या. मुरमावर वळलेलं चाक आणि दाबलेला पुढचा ब्रेक एकत्र आले की पुढचं चाक बाहेर निघून जातं, सावरायला वेळ मिळत नाही. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. वळताना सायकल झुकवा, स्वतः थोडे सरळ राहा, बाहेरच्या पेडलवर वजन टाका. हे सगळं आधी एखाद्या मोकळ्या मैदानातल्या सुट्या खड्यावर शिकावं, वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेजवळच्या उतारावर नाही.

कुठे आणि केव्हा, हे जमिनीवर ठरतं. वेताळ टेकडीचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर आहे, शहर 560 च्या आसपास. म्हणजे चढ दोनशे-अडीचशे मीटरचाच, पण दगड, मुळं, पाला, खाणीजवळची मोकळी खडी असं सगळं त्यात येतं. तिथली गिरिपुष्पाची झाडी हिवाळ्याच्या शेवटी पानं गाळते. सुकलेल्या पानांखालचा मुरूम दिसत नाही, तेव्हा नेहमीची वाटही सावकाश घ्या. सौम्य लाटांसारखा प्रदेश हवा असेल तर बोपदेव घाट चढून भिवरी, चांबळीच्या बाजूला जा. गाडीवाटा, माळ, मध्येच शेतं, एका दमात फार चढ नाही. बांधावरून सायकल घालू नये. बांध खचला तर नुकसान शेतकऱ्याचं होतं आणि पुढच्या सायकलवाल्याला शिव्या मिळतात.

पावसाळ्यात मुरमाची टेकडी पाऊस थांबल्यावर काही तासांत चालवण्याजोगी होते, कारण पाणी निचरून जातं. काळ्या मातीचं तसं नाही. ती टायरला चिकटते, फोर्क आणि फ्रेममध्ये भरते आणि चाकच फिरत नाही. अशा वेळी पेडल मारण्याचा हट्ट केला की डिरेलर (मागे साखळी एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) ओढला जातो आणि तो फ्रेमला धरून ठेवणारा हँगर वाकतो किंवा तुटतो. चांगलं ऊन पडून दोन दिवस गेल्याशिवाय काळ्या मातीत जाऊ नका. शेवाळलेल्या ओल्या खडकावर तर कुठलाच टायर चालत नाही, उतरून चाला. सर्वांत चांगला काळ ऑक्टोबर ते जानेवारी. फेब्रुवारीनंतर गवत सुकतं, वणवे लागतात. वणवा पसरू नये म्हणून वन विभागाने गवत काढून केलेल्या पट्ट्या, म्हणजे जाळरेषा, सरळ आणि उघड्या असल्याने सायकलला मोह घालतात, पण उन्हाळ्यात तिथे सावली नसते. तासाला 500 मिली पाणी एरवी पुरतं, एप्रिलमध्ये लिटरभर धरा आणि सकाळी नऊला परत निघा. कुठे धूर दिसला तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा.

उघड्या माळावर मार्चपासून टिटवी जमिनीवरच, खड्यांमध्ये अंडी घालते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली की वाट सोडून एक इंचही बाजूला जाऊ नका. मेंढ्यांचा कळप दिसला तर उतरा. धनगराची कुत्री चालणाऱ्या माणसाला सहन करतात, झपकन येणाऱ्या चाकाला नाही. एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) हद्दीत शिरू नका, आणि वन विभागाच्या फलकावरच्या वेळा पाळा. टेकडीवर सकाळी सहा ते आठ हा फिरायला येणाऱ्यांचा वेळ असतो. घंटी लांबून वाजवा, ‘काका, उजवीकडून येतोय’ एवढं म्हणा आणि वेग चालण्याइतका करा. निम्मी भांडणं त्याने टळतात. अरुंद वाटेवर वर चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पावसात पाणी साचलेल्या वाटेला बगल देऊन नवी वाट पाडू नका. अशा बगलांमधूनच पाणी वाहून घळी पडतात.

पिशवीत काय: एक ट्यूब (ट्यूबलेस असली तरी), टायर लिव्हर, हातपंप, टायरचं भोक बुजवायच्या रबरी वाती, साखळी तोडणी असलेला मल्टीटूल, साखळीची क्विक लिंक (तुटलेली साखळी जोडायची कडी) आणि जमलं तर स्वतःच्या मॉडेलचा हँगर. तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि दुकानात आयत्या वेळी मिळत नाही. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या.

परत आल्यावर कार वॉशच्या प्रेशरने सायकल धुऊ नका, पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि ग्रीस निघून जातं. बादली आणि ब्रश पुरे. साखळी पुसा, प्रत्येक कडीवर एक थेंब तेल टाका, पाच मिनिटं फिरवा आणि जास्तीचं तेल पुसून काढा. ओलसर राहिलेल्या तेलावर मुरमाची धूळ बसते आणि साखळीचं सँडपेपर होतं. साखळी ताणल्याचं मापक साध्या पान्यासारखं वाटतं, पण ते वापरा: मागे 11 किंवा 12 गिअर असतील तर साखळी 0.5 टक्के ताणली की बदलायची, त्याहून कमी गिअर असतील तर 0.75 टक्क्याला. उशीर केला की साखळीसोबत कॅसेटही (मागच्या गिअरच्या दातेरी चकत्या) जाते.