मराठीत थिसीस लिहून राहिले असाल तर संदर्भ असे द्या

डिझर्टेशन असो की पीएचडी, संदर्भ वाचतानाच लिहून ठेवायचे, शेवटी सूची बनवू म्हटलं की संपलं. मी सीताबर्डीवरून एका जुन्या पुस्तकाच्या तीसेक पानांची झेरॉक्स काढून आणली होती, फक्त कामाची पानं. दोन वर्षांनी गाईडनी विचारलं आवृत्ती कोणती, तर उत्तरच नाही, परत ग्रंथालयात गेले तर पुस्तक बाइंडिंगला गेलेलं, त्या एका ओळीपायी चॅप्टर दीड महिना अडकला. म्हणून आता आधी शीर्षकपान आणि त्याच्या मागचं प्रकाशक, वर्ष, आवृत्तीवालं पान, मग बाकीचं. वरती पेननी ग्रंथालयाचं नाव आणि दाखल क्रमांक पण टाका.

संदर्भ कशाला लागतो हा प्रश्न सगळे विचारतात. नागपूर करार 28 सप्टेंबर 1953 चा, हे सगळ्यांना माहीत आहे, याला नाही दिला तरी चालते. पण करारात ठरलं तेवढं विदर्भाला मिळालं नाही असं लिहिलं की लगेच कोण म्हणते, कोणत्या आकड्यांवरून, कोणत्या पानावर, हे द्यावंच लागते. तुमचं स्वतःचं मत असेल तर तसं स्पष्ट लिहा ना, वाचणाऱ्याला कुठं तुमचं संपलं आणि कुठं दुसऱ्याचं सुरू झालं ते कळलं पाहिजे.

जुन्या पुस्तकांची गडबड जास्त होते. बाबासाहेबांचं 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' निघालं 1936 मधे, पण आपण बहुतेक जण वाचतो ते महाराष्ट्र शासनानं काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या खंड 1 मधून, तो 1979 चा, वसंत मून यांनी संपादित केलेला. नुसतं 1936 लिहून 1979 च्या खंडाचा पान नंबर दिला तर तो नंबर कुणालाच सापडणार नाही. एपीए पद्धतीत (संदर्भ द्यायची एक ठरलेली पद्धत, कंसात लेखक आणि वर्ष) दोन्ही वर्षं येतात, (आंबेडकर, 1936/1979), आणि पान हातात असलेल्या खंडाचंच. मराठी अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव द्या, मूळ इंग्रजी वाचल्यासारखं दाखवू नका. तसंच मूळ पुस्तक पाहिलंच नाही, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात त्यातलं वाक्य वाचलं, तर 'मध्ये उद्धृत' लिहून त्या दुसऱ्याचं नाव द्या, यात कमीपणा काही नाही.

तळटिपा देत असाल तर 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच पुस्तकात', शेवटच्या दिवसापर्यंत लिहूच नका. आज 12 नंबरला पुस्तक आहे आणि 13 ला तत्रैव, उद्या मधे एक नवीन टीप घुसवली की तत्रैव भलत्याच पुस्तकाला जाऊन चिकटते आणि वर्ड काही सांगत नाही. तोवर आडनाव, छोटं शीर्षक, पान एवढं लिहीत चला.

युजीसीच्या 2018 च्या साहित्यचोरीवरच्या नियमात थिसीसचं दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असलं तर दंड नाही, 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. म्हणून सगळे टक्क्यांच्या मागे लागतात, शब्द फिरवतात. पण शब्द बदलले म्हणून विचार तुमचा होत नाही, सॉफ्टवेअरला शून्य दिसलं तरी संदर्भ नसेल तर ती चोरीच. आणि उलट, संदर्भ देऊन अवतरणात टाकलेला मजकूर आणि सूची त्या नियमाप्रमाणे मोजतच नाहीत, तर घाबरून अवतरणं कशाला मोडता.

चॅटजीपीटीनं दिलेला संदर्भ पुस्तक हातात आल्याशिवाय अजिबात टाकू नका, लेखक खरा, प्रकाशक खरा आणि पुस्तक अस्तित्वातच नाही असं होते. संदर्भ साठवून सूची बनवून देणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट आहे, वापरा, फक्त मराठी पुस्तकांच्या नोंदी बहुतेक हातानंच भराव्या लागतात.

सूची आडनावाप्रमाणे. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधे टाईप केली असेल तर वर्डचं सॉर्टिंग साफ चुकते, युनिकोडमधे असली तरी क्षीरसागर, ज्ञानेश्वर अशी नावं कुठं जाऊन बसली ते डोळ्यांनी बघा, आपल्याकडे क्ष, ज्ञ शेवटी येतात. मग प्रिंट काढा, मजकुरातलं एकेक आडनाव सूचीत टिक करा, आणि सूचीत जे बिनटिकचं उरलं ते एकतर मजकुरात कुठं वापरलं ते शोधा नाहीतर खोडून टाका.